बघू बघू

मास्तरांनी गावाचा इतिहास लिहिला त्याला सहा वर्षं झाली. चाळीस पानांचं पुस्तक, वर दीपस्तंभाचं चित्र आणि पहिल्याच पानावर वाक्य: 'आमचे गाव शांत व समंजस आहे.' शिडं शिवणाऱ्या शिडवालीनं तेवढं एक वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि शिवणयंत्राच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. तेव्हापासून यंत्र हलत नाही. त्या पुस्तकाचा एवढा उपयोग गावात दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

समंजस म्हणे! या शब्दानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खरा इतिहास तिला तोंडपाठ होता आणि त्याला चाळीस पानं कशाला हवीत, दीड ओळ पुरे होती. बाहेरून कुणीतरी आलं, त्यानं काहीतरी विचारलं, गाव म्हणालं 'बघू'. मग व्हायचं ते झालं.

दीपस्तंभाचंच घ्या. उत्तरेच्या खडकावर हिवाळाभर धुकं बसून असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नव्वद वर्षांपूर्वी इंजिनियर आला, त्यानं जमलेल्या बाप्यांना विचारलं, "इथेच बांधू ना?" आणि तिच्या पणजोबांसकट सगळे म्हणाले, "बघू." दीपस्तंभ उभा राहिला. नव्वद वर्षं तो इमानेइतबारे धुक्याला उजेड दाखवतो आहे. मग रेल्वेवाले आले. "रूळ टेकडीपलीकडून नेले तर चालेल?" बघू. आता अकरा किलोमीटरवर ओसाड माळावर गावाच्या नावाचं स्टेशन आहे. स्टेशनला गाव नाही आणि गावाला स्टेशन नाही. मग मासळी डब्यात भरायचा कारखाना आला. धुराडं समुद्राच्या बाजूला उभारू का, म्हणून विचारलं. वारा कुठून येतो हे समुद्राकाठच्या माणसांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी बघू. तीस वर्षं बायकांनी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले आणि कारखाना बंद पडला तेव्हा मालकाला निरोप द्यायला हेच समंजस गाव धक्क्यावर गेलं.

आता यातली खरी मेख बाहेरच्यांना कळत नाही ती अशी, की या गावात 'बघू' म्हणजे 'नाही'. कुणी 'नाही' हा शब्द तोंडावर उच्चारत नाही, एवढंच. साधं 'बघू' म्हणजे नाही. 'बघू की' म्हणजे नाही, पण आलाच आहात तर चहा घेऊन जा. आणि 'बघू बघू', असं दोनदा, म्हणजे उभ्या जन्मात नाही. गावात हे तीन वर्षांच्या मुलालाही समजतं. बाहेरच्या माणसाला मात्र दोनदा म्हटलं की वाटतं, वा, लोक अगदी उत्सुक दिसतात.

ही सवय लागली ती उतारामुळे. बंदराच्या टोकाला दगडी उतार आहे, थेट पाण्यात जाणारा. दुरुस्तीची होडी त्यावरून ओढून वर घेतात आणि एक होडी ओढायला वीस माणसं लागतात. पुढे चाकाचा रहाट आला, तरी शेवटची चढण माणसांनाच ओढावी लागते. त्यासाठी कुणी कुणाला बोलवत नाही. होडी पाण्याच्या कडेला लागलेली दिसली की असेल तो हातातलं काम टाकून येतो आणि दोर धरतो. ज्याच्याशी सकाळी भांडलात, दुपारी त्याचाच हात तुमच्या हाताच्या मागे दोरावर असतो. अशा ठिकाणी माणूस कुणाला नाही म्हणायला धजावत नाही. आज नाही म्हटलं आणि उद्या तो दोर धरायला आला नाही तर? तर असं हे उतारानं गावाला गोड बोलायला शिकवलं, आणि आता त्याच गोड बोलण्यापायी उतारच जायची वेळ आली होती.

उताराच्या दोन्ही बाजूंना नऊ शेड होत्या. सर्वांत लांब शेड शिडवालीची. शीड शिवायचं तर ते अख्खं पसरता आलं पाहिजे, म्हणून तिच्या आजोबांनी वीस मीटर लांब लाकडी जमीन घातली होती. तीन पिढ्यांच्या गुडघ्यांनी ती इतकी गुळगुळीत झाली होती, की नवखा माणूस आत आला की घसरायचा. चपला घालून आत यायला सक्त मनाई. जमिनीवर खडूच्या रेघा, भिंतीला टांगलेले लाकडी साचे, कोपऱ्यात मेणाची ढेप. यंत्र फक्त लांब शिवणीला. कोपरे आणि कडी बसवायची भोकं ती हातानं शिवायची, तळहातावर चामड्याचा पट्टा बांधून, तीन धारांच्या सुईनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं. हल्ली शिडं कमी आणि ताडपत्र्या जास्त झाल्या होत्या, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. टाका तोच होता.

वडील गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. चुलते आले आणि तिच्या भावाला म्हणाले, "पोरीच्या हातात शेड काय ठेवतोस? मला दे, मी चालवतो." दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, शेजारच्याच शेडमध्ये होड्या दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "बघू बघू." चुलते गावातलेच. निमूट चपला घालून गेले. त्या दिवशी त्या दोन शब्दांवर तिनं जीव ओवाळून टाकला होता. त्याला सव्वीस वर्षं झाली आणि आता तेच दोन शब्द कानावर पडले की तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

कारण कंपनी आली होती. तिला उतार आणि नऊच्या नऊ शेड हव्या होत्या, हौशी लोकांच्या नौका बांधायला धक्का आणि मागे काचेचं हॉटेल करायला. दोन महिन्यांपूर्वी शाळेत पहिली सुनावणी झाली. शिडवाली नेमकी वहिनीला घेऊन दवाखान्यात गेली होती. सरकारी साहेब तरुण होता, बाहेरचा, बोलायला मऊ. त्यानं नकाशा दाखवला आणि विचारलं, "कशी वाटते योजना?" अख्खी शाळा एका आवाजात म्हणाली, "बघू बघू!" साहेब खूश झाला. दीड महिन्यानं उताराच्या खांबावर नोटीस लागली: 'ग्रामस्थांनी योजनेबाबत अनुकूलता दर्शविली आहे. तरी बाधित नऊ शेडधारकांची वैयक्तिक सुनावणी गुरुवारी सकाळी अकरा वाजता घेण्यात येईल. नऊपैकी किमान पाच जणांची हरकत आल्यासच प्रस्ताव रद्द होईल.'

शिडवालीनं ती नोटीस तीनदा वाचली आणि तडक दादाच्या शेडमध्ये गेली. तो होडीच्या फटीत कापूस ठोकत बसला होता.

"अनुकूलता दर्शवलीत म्हणे तुम्ही."

"छे गं! आम्ही बघू बघू म्हणालो. दोनदा म्हणालो."

"त्या माणसाला काय कळणार तुझं दोनदा? तो काय उतारावर जन्मलाय?"

"अगं, पाहुणा माणूस. एवढ्या लांबून आला, घाम पुसत होता बिचारा. तोंडावर कसं नाही म्हणायचं?"

"बिचारा! तुझी शेड घेऊन चाललाय तो, दादा. माझी जमीन उखडून तिथे काच बसवणार आहे. आणि तू त्याचा घाम बघतोयस?"

दादा पुन्हा ठोकायला लागला. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेऱ्यापासून तुटलेलं होतं. तरुणपणी दोर निसटला तेव्हा गेलेलं. त्या दोराला त्यानं अजूनही नावं ठेवली नव्हती.

तिनं मग पदर खोचला. गुरुवारपर्यंत बारा दिवस होते. तिनं बाकीच्या आठही जणांना आपल्या शेडमध्ये बोलावलं, चपला बाहेर काढायला लावल्या आणि जमिनीवर ओळीनं बसवलं. दोरखंडवाला, बर्फवाला, जाळी विणणारी काकू, इंजिनं दुरुस्त करणारे दोघे फिटर भाऊ, दादा आणि बाकीचे. सगळे चांगले पन्नाशी-साठीतले.

"म्हणा, नाही," ती म्हणाली.

कुणी छताकडे बघितलं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. बर्फवाला म्हणाला, "तसं सरळ म्हणजे जरा... उद्धट वाटतं ना?"

"उद्धट वाटू दे! म्हणा!"

काकूला पहिल्यांदा जमलं, पण ते इतकं हळू, की शेजारच्या फिटरलाही ऐकू गेलं नाही. दोरखंडवाला म्हणाला, "नाही... म्हणजे तशी काही घाई नाही." मोठ्या फिटरनं डोळे मिटून म्हणून पाहिलं. धाकट्याला हसू आवरेना. दहा दिवस रोज दुपारी हा वर्ग चालला. ती कपाळावर हात मारायची, ओरडायची, एकदा तर तिनं बर्फवाल्याला मेणाची ढेप फेकून मारायचंच बाकी ठेवलं. पण अकराव्या दिवशी दोरखंडवाला छाती काढून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नाही!" शेडचा पत्रा दणाणला. बाकीचे त्याच्याकडे बघतच राहिले, आणि मग सगळ्यांनाच जमायला लागलं. जमलं नाही ते एका दादाला. त्याचं "ना" पर्यंत यायचं आणि जीभ टाळ्याला चिकटायची.

"राहू दे," ती शेवटी वैतागून म्हणाली. "तुझ्यावाचून आठ होतात."

गुरुवारी शाळेचा हॉल भरला. बाकं मुलांची, बुटकी. माणसांचे गुडघे हनुवटीला लागत होते. समोर टेबल, टेबलामागे साहेब, शेजारी चष्मा लावलेला कारकून आणि त्याच्यापुढे मोठं रजिस्टर. रजिस्टरात चार रकाने: क्रमांक, नाव, हरकत, सही. शिडवालीचा क्रमांक सातवा होता, दादाचा सहावा. ती हातावर हात घट्ट धरून बसली होती. बारा दिवस तिनं मनात भाषण रचलं होतं, दीपस्तंभापासून धुराड्यापर्यंत सगळं त्यात होतं.

साहेबानं पहिलं नाव पुकारलं. दोरखंडवाला पुढे गेला.

"या प्रस्तावाला आपली हरकत आहे का?"

"नाही!" दोरखंडवाल्याच्या आवाजानं खिडकीची काच वाजली. कारकुनानं लिहिलं. दोरखंडवाल्यानं वाकून पाहिलं, स्वतःच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलेलं वाचलं आणि अभिमानानं सही केली. परत येताना त्यानं शिडवालीकडे बघून मान हलवली. तिचे डोळे भरून आले. नव्वद वर्षांत पहिल्यांदा!

बर्फवाला. "हरकत आहे का?" "नाही." काकू. "नाही." आज अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मोठा फिटर, डोळे उघडे ठेवून, "नाही." धाकटा, न हसता, "नाही."

कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि साहेबाकडे झुकून म्हणाला, "पाच झाले, साहेब. पाचही जणांची हरकत नाही. आता उरले चारच."

शिडवालीच्या कानात ते शब्द शिरले. हरकत नाही. हरकत आहे का, नाही. तिनं शिकवलेलं. तिनं स्वतः, दहा दिवस, घसा फोडून!

"थांबा!" ती उठली तेव्हा बाक कलंडलं. "चुकलंय हे! ते नाही म्हणाले म्हणजे द्यायचं नाही असं म्हणाले!"

"ताई, मी हरकत आहे का विचारलं," साहेब शांतपणे म्हणाला. "ते नाही म्हणाले. सह्याही केल्या."

"अहो, मीच त्यांना तसं म्हणायला सांगितलं होतं!"

साहेबाच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे तुम्ही त्यांना पढवून आणलंत?"

झालं. आगीतून फुफाट्यात. तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"हे बघा," साहेब म्हणाला, "नोंद चुकली असेल तर ज्यानं त्यानं स्वतः येऊन सांगावं, की साहेब, तुम्ही चुकीचं लिहिलंय. मी दुरुस्त करीन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही."

ती वळली. "ऐकलंत ना? सांगा! उठा!"

कुणी उठलं नाही. नाही म्हणायला शिकणं एक वेळ जमलं होतं. पण भर सभेत, खुर्चीवर बसलेल्या परक्या माणसाला, तू चुकलास म्हणून सांगायचं? दोरखंडवाला गुडघ्यांकडे बघायला लागला. बर्फवाला पुटपुटला, "त्यांनी बिचाऱ्यांनी आपण म्हटलं तसंच लिहिलं की."

मग मात्र तिचा बांध फुटला. "बिचारे! सगळे बिचारे तुमचे! दीपस्तंभवाला बिचारा, धुराडंवाला बिचारा! तुमचा उजेड धुक्यात गेला, छातीत धूर गेला, तरी तुमचं आपलं बघू! लाज वाटत नाही? मूग गिळून बसताय आणि त्याला समंजसपणा म्हणताय? भेकड आहात तुम्ही! वीस जण मिळून होडी ओढता आणि एका कागदावरची एक ओळ ओढून काढता येत नाही तुम्हाला!"

साहेबानं घसा खाकरला आणि सहावं नाव पुकारलं.

दादा उठला. सावकाश, गुडघ्यावर हात टेकवून. टेबलापर्यंत जाताना त्यानं बहिणीकडे बघितलंही नाही.

"काका, आपली हरकत आहे का?"

दादाचे ओठ हलले. तिला त्याचा घाम दिसत होता. 'आहे' म्हण, ती मनात ओरडली, एकच शब्द, दादा, आहे म्हण!

"बघू बघू," दादा म्हणाला.

तिनं डोळे मिटून घेतले. संपलं. कारकुनानं पेन उचललं. मागच्या सुनावणीत त्यानं या दोन शब्दांपुढे काय लिहिलं होतं ते त्याच्या लक्षात होतं. त्यानं 'अनुकूल'चा 'अ' लिहायला घेतला. आणि दादानं आपला उजवा हात त्या पानावर ठेवला. डांबर मुरलेला, बोट तुटलेला, रुंद हात. पाच 'नाही' आणि अर्धा 'अ' त्याच्याखाली गेले.

"काका, हात काढा," कारकून म्हणाला.

"बघू."

"अहो, सरकारी रजिस्टर आहे."

"बघू की," दादा अदबीनं म्हणाला. "चहा मागवू का तुमच्यासाठी?"

"काढता की नाही हात?"

"बघू बघू."

आवाज जराही चढला नव्हता. हातही हलला नव्हता. कारकुनानं रजिस्टर ओढून बघितलं. ते तसूभर सरकलं नाही. शिडवालीनं डोळे उघडले तेव्हा दोरखंडवाला टेबलाशी पोचला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं काही न बोलता दादाच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. काकू आली. बर्फवाला आला. फिटर भावांच्या बोटांचे ग्रीसचे ठसे पानाच्या कडेला उमटले.

साहेब त्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं शिडवालीला विचारलं, "ताई, हे बघू बघू म्हणजे नेमकं काय?"

"उभ्या जन्मात नाही," ती म्हणाली.

"मागच्या वेळी सगळे हेच म्हणाले होते."

"सगळे. दोनदा."

साहेबानं फाईल उघडून आपलाच जुना अहवाल वाचला. 'अनुकूलता' या शब्दापाशी तो बराच वेळ थांबला आणि त्याचे कान लाल झाले. "काका," तो दादाला म्हणाला, "हात काढा. हे पान रद्द करतो. नवीन पान घेऊ."

दादानं हात काढला. साहेबानं स्वतः पानावर तिरकी रेघ मारली, खाली कारण लिहिलं, सही केली आणि पान उलटलं. पहिलं नाव पुन्हा पुकारलं.

"उतार कंपनीला द्यायचा का?"

दोरखंडवाल्यानं या वेळी आधी शिडवालीकडे बघितलं. पुन्हा काही घोळ नको. तिनं प्रश्न मनातल्या मनात दोनदा फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

"नाही!"

बर्फवाला, नाही. काकू, नाही. मोठा फिटर, धाकटा फिटर, नाही, नाही. पाच झाले. प्रस्ताव तिथेच बारगळला होता, पण साहेबानं यादी थांबवली नाही. शिडवालीच्या डोक्यातली आग काही विझली नव्हती. या एका हातासाठी नव्वद वर्षं लावली, आणि तेही तोंड न उघडता! घरी गेल्यावर ती दादाला अशी सोडणार नव्हती.

"क्रमांक सहा," साहेब म्हणाला. "काका, उतार द्यायचा का?"

दादानं कपाळाचा घाम पुसला. "बघू बघू," तो म्हणाला.

कारकुनानं मान वर न करता लिहिलं: नाही.